बांधकामावरचा अपघात: भरपाई कुणाकडून, किती आणि कशी?

बांधकामाच्या जागेवर मृत्यू झाला किंवा अपंगत्व आले तर भरपाई कशी मागायची, याबद्दल वाचकांनी विचारलेले प्रश्न या सदरात घेतले आहेत. प्रश्नकर्त्यांची नावे छापलेली नाहीत.

एक खुलासा सर्व उत्तरांना लागू आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० अमलात आली. त्यापूर्वीच्या अपघातांना कर्मचारी नुकसानभरपाई कायदा, १९२३ लागू राहतो. त्यानंतरच्या अपघातांना संहितेतले नुकसानभरपाईचे प्रकरण लागू होते. हिशेबाचे सूत्र, दोन वर्षांची मुदत, ठेकेदारासोबत मूळ मालकाची जबाबदारी हा गाभा दोन्हींत सारखाच आहे. कलमांचे आकडे मात्र बदलले. खाली दिलेली कलमे १९२३ च्या कायद्यातली आहेत. अर्ज लिहिताना अपघाताची तारीख पाहून योग्य कायदा आणि योग्य नमुना वापरावा. १९२३ च्या कायद्यातले ‘आयुक्त’ (भरपाईचे दावे ऐकणारे अधिकारी) संहितेत ‘सक्षम प्राधिकारी’ झाले आहेत.

प्रश्न: माझे पती सेंटरिंगचे काम करायचे. सातव्या मजल्यावरून पडून ते गेले. वय ३४, रोज ७५० रुपये हजेरी. ठेकेदार अडीच लाख द्यायला तयार आहे, पण स्टॅम्प पेपरवर ‘यापुढे काही मागणी नाही’ अशी सही मागतो. घरात दोन लहान मुले आणि सासूबाई आहेत. सही करावी का? (एक भगिनी, पुणे जिल्हा)

ताई, सही करू नका. मृत्यूच्या प्रकरणात मालकाने वारसांच्या हातात परस्पर दिलेली रक्कम कायद्याच्या दृष्टीने भरपाई ठरतच नाही. कलम ८ नुसार ती आयुक्तांकडे जमा करावी लागते आणि वाटप तेच करतात. अपवाद एकच. तीन महिन्यांच्या पगाराइतकी रक्कम ठेकेदार आगाऊ देऊ शकतो आणि ती नंतर वजा होते. घर चालवण्यासाठी आज पैसे हवे असतील तर तेवढी आगाऊ रक्कम जरूर घ्या. पावतीवर ‘भरपाईपोटी आगाऊ’ एवढेच लिहा. ‘पूर्ण व अंतिम’ हे शब्द त्यात येऊ देऊ नका. हक्क सोडल्याचा करार कलम १७ प्रमाणे निरर्थक आहे. पण असा कागद पुढे आला की विमा कंपनी त्यावर वाद घालते आणि वर्ष-दीड वर्ष त्यातच जाते.

आता तुमचा आकडा. मृत्यूसाठी सूत्र असे: मासिक वेतनाचा निम्मा भाग गुणिले वयाचा गुणांक (वयानुसार कायद्यात ठरलेला आकडा). २६ हजेऱ्या धरल्या तरी वेतन १९,५०० रुपये होते. पण हिशेबात घ्यायच्या वेतनाला कमाल मर्यादा आहे. ३ जानेवारी २०२० च्या अधिसूचनेने ती १५,००० रुपये झाली. त्याचा निम्मा भाग ७,५००. वयाची ३४ वर्षे पूर्ण असतील तर गुणांक १९९.४०. गुणाकार १४,९५,५०० रुपये. अडीच लाख म्हणजे याचा जेमतेम सहावा हिस्सा.

ही रक्कम अपघाताच्या दिवशीच देय होते. महिन्याभरात जमा केली नाही तर दरसाल १२ टक्के सरळ व्याज लागते. तुमच्या रकमेवर ते महिन्याला सुमारे १४,९५५ रुपये आहे. उशिराला सबळ कारण नसेल तर मूळ रकमेच्या ५० टक्क्यांपर्यंत दंडही लावता येतो. मात्र त्याआधी मालकाला म्हणणे मांडण्याची संधी द्यावी लागते. अर्जात व्याज आणि दंड दोन्हींची मागणी स्पष्ट शब्दांत लिहा. ठेकेदाराने विमा उतरवला असेल तर मुद्दल आणि व्याज विमा कंपनीवर येते, दंड ठेकेदारालाच भरावा लागतो. सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये वेदप्रकाश गर्ग प्रकरणात ही विभागणी स्पष्ट केली आहे.

अर्ज कामगार न्यायालयात करायचा. महाराष्ट्रात बहुतेक ठिकाणी तिथले न्यायाधीश किंवा दिवाणी न्यायाधीश (वरिष्ठ स्तर) आयुक्त म्हणून काम पाहतात. अर्जदार म्हणून तुम्ही, दोन्ही मुले आणि सासूबाई यांची नावे घाला. सासूबाई विधवा असतील तर कायद्याने त्या आपोआप अवलंबित ठरतात. सासरे हयात असतील तर सासू-सासऱ्यांना मुलाच्या कमाईवर पूर्ण किंवा अंशतः विसंबून होतो हे दाखवावे लागते. कुणाचे नाव गाळले की ती व्यक्ती मधेच हरकत घेते आणि वाटप थांबते. हे फार घरांत घडते, म्हणून आधीच सगळ्यांना एका अर्जात घ्या. अज्ञान (१८ वर्षांखालील) मुलांचा वाटा बहुधा बँकेत मुदत ठेवीत राहतो.

सोबत लागणारे कागद: पोलिसांची अकस्मात मृत्यूची नोंद किंवा प्रथम खबर, घटनास्थळाचा पंचनामा, मरणोत्तर पंचनामा, शवविच्छेदन अहवाल, मृत्यू दाखला, वयाचा पुरावा आणि नात्याचा पुरावा. वयाच्या पुराव्याकडे विशेष लक्ष द्या. आधारवरची जन्मतारीख अंदाजे लिहिलेली असते. शाळा सोडल्याचा दाखला असेल तर तोच जोडा. एका वर्षाच्या फरकाने तुमच्या प्रकरणात सतरा-साडेसतरा हजार रुपये इकडचे तिकडे होतात.

फौजदारी प्रकरण वेगळे चालते. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचे कलम १०६ निष्काळजीपणाने झालेल्या मृत्यूला आणि कलम २९० बांधकामातील निष्काळजीपणाला लागू आहे. ‘पोलीस केस मागे घ्या, मग पैसे देतो’ असा सौदा कुणी मांडला तर त्याला बळी पडू नका. भरपाईसाठी मालकाचा दोष सिद्ध करावाच लागत नाही. अपघात काम करताना आणि कामामुळे झाला एवढे पुरते.

प्रश्न: मुकादमाने कामावर लावले. तो ठेकेदाराचा माणूस, ठेकेदार दुसऱ्या मोठ्या कंपनीचा, आणि जागा बिल्डरची. अपघातानंतर मुकादम गावी पळाला. ठेकेदार म्हणतो, हा माणूस माझ्या हजेरीवर नव्हताच. दाद कुणाकडे मागायची? (वाचक, नाशिक)

सगळ्यांकडे एकाच अर्जात मागायची. कलम १२ प्रमाणे, ज्याच्या धंद्याचे काम ठेकेदाराकडून करून घेतले जाते तो मूळ मालकही स्वतः कामावर ठेवल्याप्रमाणे जबाबदार असतो. मग तो ठेकेदाराकडून वसूल करो, तो त्यांचा आपसातला हिशेब. बांधकाम हा बिल्डरचा धंदाच आहे. काम सार्वजनिक बांधकाम विभागाचे किंवा नगरपालिकेचे असले तरी फरक नाही, कारण सरकारी खात्याचे आणि स्थानिक संस्थेचे कामही कायदा त्यांचा व्यवसाय मानतो. अट एवढीच, की अपघात मूळ मालकाच्या कामाच्या जागेत किंवा त्याच्या ताब्यातल्या जागेत झालेला असावा.

मुकादम, ठेकेदार, वरची कंपनी, बिल्डर आणि विमा कंपनी अशा सर्वांना सामनेवाले (विरुद्ध पक्ष) करा. नावे शोधायची कशी? खासगी गृहप्रकल्प असेल तर महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाच्या पानावर प्रवर्तकाचे नाव, पत्ता आणि प्रकल्पाशी संबंधित व्यावसायिकांची माहिती मिळते. सरकारी काम असेल तर माहितीच्या अधिकारात १० रुपयांचा अर्ज करून कार्यारंभ आदेश आणि ठेकेदाराच्या विमा पॉलिसीची प्रत मागा. उत्तराची मुदत ३० दिवसांची आहे.

‘हजेरीवर नव्हता’ हा बचाव जवळपास प्रत्येक प्रकरणात येतो. त्याला तोडणारा पुरावा पहिल्या आठवड्यात हातात असतो, महिन्याने नाहीसा होतो. फाटकावरची प्रवेश नोंदवही, सुरक्षा माहिती दिल्याच्या वहीतली सही, गेट पास, बोटाच्या ठशाची हजेरी, मजूर छावणीतल्या खोलीची यादी, मुकादमाने मोबाइलवरून पाठवलेले पैसे, कामाच्या व्हॉट्सॲप गटातले फोटो आणि संदेश, हे सगळे त्यात येते. मोबाइल बदलू नका, गट सोडू नका. सोबतच्या दोन मजुरांची नावे, गावचे पत्ते आणि फोन लिहून घ्या. साइट संपली की ती माणसे चार जिल्ह्यांत विखुरतात.

सर्वांत वजनदार कागद बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. तो म्हणजे दवाखान्यातला पहिला केसपेपर. जखमीला आणणारा सुपरवायझर डॉक्टरांना ‘घरी जिन्यावरून पडला’ असे सांगतो आणि डॉक्टर तसेच लिहितात. पुढे ती एक ओळ तीन साक्षीदारांवर भारी पडते. नातेवाइकांनी पोहोचताच केसपेपर वाचावा. चूक असेल तर शुद्धीवर असलेल्या रुग्णाने स्वतः डॉक्टरांना खरी हकीकत सांगून नोंद करून घ्यावी. ‘एमएलसी’ (मेडिको-लीगल केस म्हणून नोंद) झाली आहे का हेही विचारावे. ती झाली की पोलिसांना कळवले जाते आणि जबाब नोंदवला जातो.

प्रश्न: पगार रोख मिळायचा, पावती नाही. ठेकेदार आता सांगतो की रोज फक्त ३०० रुपये देत होतो. (वाचक, छत्रपती संभाजीनगर)

कायद्यात मासिक वेतन काढायची रीत ठरलेली आहे. एकाच मालकाकडे वर्षभर सलग काम असेल तर बारा महिन्यांच्या एकूण वेतनाचा बारावा भाग धरायचा. काम महिन्यापेक्षाही कमी दिवसांचे असेल तर त्याच मालकाकडे तेच काम करणाऱ्याचे वेतन धरतात. एरवी शेवटच्या सलग कामाच्या काळात मिळालेल्या वेतनाला ३० ने गुणून त्या काळातल्या दिवसांनी भागायचे. यात दिवस म्हणजे कॅलेंडरचे दिवस, सुट्टीसकट. मधे चौदा दिवसांपर्यंतचा खंड पडला तरी काम सलगच मानतात.

रोख पगाराचा पुरावा म्हणून मुकादमाची डायरी, उचल दिल्याची नोंद, गावी पाठवलेल्या पैशांच्या पावत्या, त्याच साइटवरच्या दुसऱ्या गवंड्याचा जबाब चालतो. मजुरी पत्रक आणि हजेरीपुस्तक ठेवणे मालकाचे काम आहे. म्हणून ‘ही पुस्तके हजर करा’ असा वेगळा अर्ज सुरुवातीलाच द्या. त्याने ती आणली नाहीत तर त्याच्याविरुद्ध निष्कर्ष काढा, असे म्हणता येते. शेवटचा आधार म्हणजे बांधकाम उद्योगासाठी राज्य सरकारने अधिसूचित केलेले किमान वेतन. ठेकेदाराने सांगितलेला आकडा त्याखाली असेल तर तो स्वतःच कायदा मोडल्याची कबुली देतो आहे, हे आयुक्तांपुढे मांडावे. हिशेबाची मर्यादा १५,००० असल्याने रोजचे ६०० रुपये आणि २६ हजेऱ्या सिद्ध झाल्या की पुरे. त्यावरच्या प्रत्येक रुपयासाठी साक्षीदार आणण्यात शक्ती घालवू नका.

प्रश्न: मी ४० वर्षांचा, सेंटरिंगचा मिस्त्री. परांचीवरून पडून मणक्याला मार बसला, एक पाय लुळा पडतो. सरकारी दाखल्यावर ४० टक्के अपंगत्व आहे. विमा कंपनी म्हणते भरपाई ४० टक्केच. शिवाय ठेकेदार दवाखान्याला दिलेले एक लाख वजा करायचे म्हणतो. (वाचक, ठाणे जिल्हा)

दोन्ही म्हणणी चुकीची आहेत.

कायमच्या संपूर्ण अपंगत्वासाठी वेतनाच्या ६० टक्के गुणिले गुणांक. तुमच्या वयाला गुणांक १८४.१७. वेतन १५,००० धरले तर ९,००० गुणिले १८४.१७ म्हणजे १६,५७,५३०. विमा कंपनी याचे ४० टक्के, म्हणजे ६,६३,०१२ देऊ पाहते आहे. दहा लाखांचा हा फरक एका प्रश्नावर ठरणार आहे: तुमची कमाईची क्षमता किती गेली?

शरीराचे अपंगत्व आणि कमाईच्या क्षमतेची हानी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सरकारी दाखला पहिली मोजतो, भरपाई दुसरीवर अवलंबून असते. कारकुनाचा पाय अधू झाला तर त्याची नोकरी टिकू शकते. सेंटरिंगच्या माणसाला शिडी चढता येत नसेल, प्लाय खांद्यावर घेता येत नसेल, उकिडवे बसता येत नसेल, तर त्याचे काम संपले. सर्वोच्च न्यायालयाच्या चार न्यायाधीशांनी डिसेंबर १९७५ मध्ये प्रतापनारायण सिंह देव प्रकरणात नेमके हेच सांगितले. एका सुताराचा डावा हात कोपराच्या वर कापावा लागला होता. मालकाचे म्हणणे होते की कायद्याच्या परिशिष्टाप्रमाणे हानी ७० टक्के. न्यायालय म्हणाले, एका हाताने सुतारकाम होत नाही, म्हणून हे संपूर्ण अपंगत्व आहे. रक्कम अपघाताच्या दिवसापासून देय होते, हेही त्याच निकालात ठरले.

म्हणून तुमच्यावर शस्त्रक्रिया करणाऱ्या अस्थिरोगतज्ज्ञाकडून वेगळे प्रमाणपत्र घ्या. त्यात तीन गोष्टी असाव्यात: कोणत्या हालचाली कायमच्या गेल्या, सेंटरिंगच्या कामात त्या कशा लागतात, आणि त्यामुळे कमाईच्या क्षमतेची हानी किती टक्के. ‘४० टक्के, डाव्या पायाचे’ आणि ‘४० टक्के, पूर्ण शरीराचे’ यांतही मोठा फरक असतो, तो स्पष्ट लिहून घ्या. मग त्या डॉक्टरांना साक्षीला बोलवा. नुसता कागद दाखल करून साक्ष न घेणे, हे अशी प्रकरणे पडण्याचे फार मोठे कारण आहे. कधीच उपचार न केलेल्या डॉक्टरचा दाखला आणला तर उलटतपासणीत तो टिकत नाही.

परिशिष्ट एकमध्ये काही जखमांचे टक्के ठरलेले आहेत. अंगठा पूर्ण गेला तर ३०, तर्जनी पूर्ण गेली तर १४, एका हाताची चार बोटे गेली तर ५०, दुसरा डोळा चांगला असताना एक डोळा गेला तर ४०. कटरने बोटे तुटलेल्या कामगारांनी निदान तेवढे टक्के गृहीत धरावेत, आणि काम पूर्ण बुडाले असेल तर वरचा निकाल पुढे ठेवून अधिक मागावे. मणक्याचा मार परिशिष्टात नाही, म्हणून तुमच्या प्रकरणात डॉक्टरांची साक्ष हाच कणा आहे.

दवाखान्याचा खर्च मालकानेच द्यायचा आहे, तोही प्रत्यक्ष झालेला सगळा. २००९ च्या दुरुस्तीने कलम ४(२अ) मध्ये हे स्पष्ट झाले. उपचारावर दिलेली रक्कम भरपाईतून वजा होत नाही. औषधांच्या, तपासण्यांच्या, फिजिओथेरपीच्या पावत्या तारखेप्रमाणे लावून ठेवा. थर्मल कागदावरच्या पावत्या वर्षभरात पांढऱ्या पडतात, त्यांच्या झेरॉक्स आजच काढा.

अंथरुणाला खिळलेल्या काळासाठी तात्पुरत्या अपंगत्वाची रक्कमही आहे. दर पंधरवड्याला वेतनाच्या २५ टक्के, म्हणजे १५,००० वर ३,७५० रुपये, कमाल पाच वर्षे. काम २८ दिवस किंवा अधिक बुडाले तर पहिल्या दिवसापासून हा हिशेब धरतात. मात्र ही रक्कम पुढे एकरकमी भरपाईतून वजा होते.

मालकाने त्याच्या डॉक्टरकडून मोफत तपासणी करून घ्यायला सांगितले तर जा. विनाकारण नकार दिला तर तेवढा काळ तुमचा हक्क थांबतो. तिथे कोऱ्या कागदावर सही मात्र करू नका.

प्रश्न: भावाने हेल्मेट आणि पट्टा घातला नव्हता. ठेकेदार म्हणतो चूक त्याची, काही मिळणार नाही. त्याने थोडी घेतली होती असेही सांगतात. (वाचक, सोलापूर)

भाऊ गेला असेल किंवा कायमचा पूर्ण अपंग झाला असेल, तर हे दोन्ही बचाव कायद्यातच बाद आहेत. कमी गंभीर दुखापतीत ते घेता येतात, पण तिथेही मालकाला बरेच सिद्ध करावे लागते. दारूमुळेच थेट अपघात झाला, किंवा सुरक्षेचा स्पष्ट आदेश कामगाराने जाणूनबुजून मोडला, हे त्याने दाखवायचे. पट्टा दिलाच नव्हता, किंवा पट्टा होता पण हूक अडकवायला दोरी बांधलेली नव्हती, तर आदेश मोडला कुठे? पंचनाम्यात जागेवर सुरक्षा जाळी, कठडा, जीवनदोरी होती की नव्हती हे लिहिले गेले आहे का ते पाहा. नसेल तर तुमच्या पुरवणी जबाबात ते सांगा, आणि त्या दिवशीचे फोटो कुणाच्या मोबाइलमध्ये असतील तर मिळवा. दुसऱ्या दिवशी तिथे नवी जाळी लागलेली असते.

प्रश्न: आम्ही नांदेडचे, अपघात मुंबईत झाला. दर तारखेला मुंबईला जाणे परवडणारे नाही. शिवाय दीड वर्ष उलटले. (वाचक, नांदेड)

नांदेडलाच अर्ज करा. कलम २१ नुसार अपघात झाला ते ठिकाण, अर्जदार राहतो ते ठिकाण, किंवा मालकाचे नोंदणीकृत कार्यालय, यांपैकी कुठेही दाद मागता येते. रेशनकार्ड किंवा मतदार ओळखपत्र रहिवासाचा पुरावा म्हणून जोडा.

मुदत अपघातापासून, किंवा मृत्यू झाला असल्यास मृत्यूच्या तारखेपासून, दोन वर्षांची. तुमच्याकडे सहा महिने आहेत, ते कागद जमवण्यात घालवू नका. हातात आहे तेवढ्यावर अर्ज दाखल करा, उरलेले नंतर देता येते. दोन वर्षे उलटलेल्यांनी उशीर माफीचा अर्ज जोडावा आणि कारण तारखांसकट लिहावे: दवाखान्यातला काळ, ठेकेदाराने दिलेली आश्वासने, अज्ञान वारस. ‘कायदा माहीत नव्हता’ एवढ्यावर विसंबू नये.

मालकाला अपघाताची लेखी सूचनाही द्यायची असते. स्पीड पोस्टाने पाठवून पोहोचल्याचा पुरावा ठेवा. अपघात त्याच्याच जागेत होऊन मृत्यू झाला असेल किंवा त्याला अपघात माहीतच असेल, तर सूचना दिली नाही म्हणून दावा पडत नाही.

वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. स्त्रिया, मुले, अपंग व्यक्ती, अनुसूचित जाती-जमातीतील व्यक्ती आणि औद्योगिक कामगार यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. फोन १५१००.

प्रश्न: बांधकाम कामगार मंडळाकडून पाच लाख मिळतात. ते घेतले तर ठेकेदाराकडची भरपाई बंद होते का? (वाचक, सांगली)

नाही. मंडळाचे साहाय्य कल्याण योजनेतले आहे, ठेकेदाराची जबाबदारी त्याहून वेगळी. दोन्हींसाठी अर्ज करा. महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाच्या योजनेत कामावर असताना अपघाती मृत्यू झाल्यास कायदेशीर वारसाला ५ लाख, ७५ टक्के किंवा अधिक कायमच्या अपंगत्वाला २ लाख, आणि विधवा किंवा विधुराला दरवर्षी २४,००० रुपये पाच वर्षे अशी तरतूद आहे. अडते ते नोंदणीवर. वय १८ ते ६०, मागच्या बारा महिन्यांत ९० दिवस बांधकामाचे काम केल्याचा दाखला, आणि अपघाताच्या दिवशी नूतनीकरण चालू असणे गरजेचे. नूतनीकरण राहून गेल्यामुळे पाच लाख हातचे जातात, हे पाहून खरोखर वाईट वाटते. हे वाचणाऱ्या प्रत्येक बांधकाम कामगाराने आपल्या कार्डावरची तारीख आजच पाहावी.

प्रश्न: पगारातून ईएसआयची कपात होत होती. मग? (वाचक, पिंपरी)

मग मार्ग बदलतो. विमाधारक कामगाराला नुकसानभरपाई कायद्याखाली दावा करता येत नाही, हक्क कर्मचारी राज्य विमा महामंडळाकडे (ईएसआय) मागायचे. बांधकामाच्या जागेवरचे कामगार १ ऑगस्ट २०१५ पासून या योजनेत आले आणि वेतनमर्यादा २१,००० रुपये आहे. तात्पुरत्या अपंगत्वात वेतनाच्या ९० टक्के दराने रक्कम मिळते. मृत्यू झाल्यास अवलंबितांना त्याच दराने मासिक लाभ वाटून मिळतो. तरुण विधवेसाठी हा मार्ग एकरकमी भरपाईपेक्षा कित्येकदा सरस ठरतो. मालकाने कपात करून भरणा केला नसेल तरी हक्क बुडत नाही. महामंडळ ती रक्कम मालकाकडून वसूल करते.

प्रश्न: साइटवर मागे येणाऱ्या डंपरखाली सापडून भाऊ गेला. कामगार न्यायालयात जावे की मोटार अपघात न्यायाधिकरणात? (वाचक, रायगड)

वाहनामुळे झालेल्या अपघातात निवड तुमची, पण एकाच ठिकाणी. मोटार वाहन कायद्याचे कलम १६७ तसे सांगते. एकदा निवडले की मागे फिरणे कठीण, म्हणून आधी हिशेब मांडा.

समजा वय ३४, उत्पन्न १९,५०० आणि चार अवलंबित. कामगार न्यायालयात १४,९५,५००. न्यायाधिकरणात १५,००० ची मर्यादा नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २००९ च्या सरला वर्मा आणि २०१७ च्या प्रणय सेठी निकालांप्रमाणे चाळिशीच्या आतल्या अशा कमावत्याच्या उत्पन्नात भविष्यवाढ म्हणून ४० टक्के मिळवतात, म्हणजे २७,३००. स्वतःच्या खर्चाचा चौथा हिस्सा वजा केला की २०,४७५. वर्षाचे २,४५,७००. ३१ ते ३५ वयाला गुणक १६. एकूण ३९,३१,२००, शिवाय अंत्यविधी वगैरेंच्या ठरीव रकमा वेगळ्या.

आकडा मोठा दिसतो, पण तिथे चालकाचा निष्काळजीपणा सिद्ध करावा लागतो. मजूर स्वतःही निष्काळजी होता असे ठरले तर त्या प्रमाणात रक्कम कापली जाते. शिवाय साइट ही सार्वजनिक जागा नाही, अशी हरकत विमा कंपनी घेते. पोलिसांनी चालकावर दोषारोपपत्र ठेवले असेल, डंपरचा विमा चालू असेल आणि उत्पन्नाचा पुरावा पक्का असेल, तर न्यायाधिकरण निवडा. चालक कोण हेच ठाऊक नसेल किंवा डंपर बिनविम्याचा असेल, तर कामगार न्यायालय बरे. एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या दुरुस्तीत न्यायाधिकरणापुढच्या अर्जाला सहा महिन्यांची मुदत घातली आहे, तेव्हा निर्णय लांबवू नका.

प्रश्न: आमच्या सोसायटीची इमारत रंगवताना कामगार पडला. सोसायटी जबाबदार का? (एका सोसायटीचे सचिव, डोंबिवली)

पहिली जबाबदारी रंगाच्या ठेकेदाराची. मूळ मालकाची जबाबदारी ‘स्वतःच्या धंद्यासाठी’ काम करून घेणाऱ्यावर येते आणि इमारत रंगवणे हा सोसायटीचा धंदा नाही, असा बचाव तुम्हाला आहे. तरी तुम्हाला सामनेवाले केले जाईल, तेव्हा हजर राहून लेखी म्हणणे द्या. न दिल्यास एकतर्फी आदेश होऊ शकतो. सोसायटीने ठेकेदार न नेमता रोजंदारीवर थेट माणसे लावली असतील तर मात्र तुम्हीच मालक. एक मजल्याहून उंच इमारतीचे बांधकाम, दुरुस्ती, देखभाल ही कामे कायद्याच्या यादीत आहेत, आणि ‘तात्पुरता मजूर’ हा जुना अपवाद २००० च्या दुरुस्तीने गेला. पुढच्या वेळी ठेका देण्यापूर्वी ठेकेदाराच्या कर्मचारी नुकसानभरपाई विमा पॉलिसीची प्रत घ्या. त्यातली कामगारसंख्या, कामाचा प्रकार आणि मुदत तपासा. पॉलिसी चार माणसांची आणि झुल्यावर दहा, असा प्रकार सर्रास असतो.

प्रश्न: साइटवर जाताना टेम्पो उलटला. हा कामावरचा अपघात धरतात का? (वाचक, धाराशिव)

धरता येतो. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातल्याच एका साखर कारखान्याच्या पहारेकऱ्याच्या प्रकरणात सांगितले की घर ते काम या प्रवासातला अपघातही यात येतो. मात्र वेळ, जागा आणि परिस्थिती यांचा कामाशी संबंध दाखवावा लागतो. टेम्पो ठेकेदाराने ठरवलेला होता का, पाळी किती वाजता होती, रस्ता नेहमीचाच होता का, हे साक्षीत आणा. काम करताना छातीत दुखून झालेल्या मृत्यूचे असे नाही. तिथे कामाच्या ताणामुळे झटका आला हे वैद्यकीय पुराव्याने जोडून दाखवावे लागते, केवळ साइटवर मृत्यू झाला एवढे पुरत नाही.

प्रश्न: आदेश आमच्या बाजूने झाला, पण आठ महिने पैसे नाहीत. ठेकेदार म्हणतो हायकोर्टात जातोय. (वाचक, कोल्हापूर)

अपिलाची मुदत ६० दिवसांची असते, आणि मालकाला आदेशाची रक्कम जमा केल्याचे आयुक्तांचे प्रमाणपत्र जोडल्याशिवाय अपील करता येत नाही. तेव्हा आयुक्तांच्या कार्यालयात रक्कम जमा झाली आहे का, एवढे आधी विचारा. नसेल तर त्याच कार्यालयात वसुलीचा अर्ज द्या. ही रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल होते. वसुली दाखला जिल्हाधिकारी कार्यालयाकडे आणि तिथून तहसीलदारांकडे जातो. दाखल्यासोबत ठेकेदाराच्या मालमत्तेची यादी स्वतः द्या: सातबारा उतारे, यंत्रे, वाहनांचे क्रमांक, बँक खाते, चालू सरकारी कामांची बिले. यादीशिवाय दाखला तहसील कार्यालयात पडून राहतो. आदेशात बिल्डरचेही नाव असेल तर वसुली त्याच्याविरुद्धही मागा. व्याज प्रत्यक्ष जमा होईपर्यंत चालू असते, त्यामुळे अर्जात त्या दिवसापर्यंतचा आकडा मांडा.